झऱ्यावर नेलं तेव्हा

माझ्या मामात खोड काढायला जागा नव्हती, हीच माझी मोठी अडचण होती. दारू नाही, विडी नाही, उसनी ऐट नाही. बँकेत पक्की नोकरी, पापनाशमच्या शाखेत. तंजावरहून सकाळच्या पॅसेंजरने जायचा, संध्याकाळी त्याच गाडीने परत. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मला सायकल त्यानेच शिकवली, दहावीच्या गणिताला कान धरून त्यानेच बसवलं, आणि सिनेमाला नेल्याचं घरी कळू नये म्हणून खोटंही तोच बोलायचा. अशा माणसाशी लग्न करायला नाही म्हणायचं तर कारण काय सांगणार? ‘तो माझा मामा आहे’ हे कारण तंजावरात चालत नाही. आमच्याकडे तेच लग्नाचं कारण असतं.

पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकांना हे वाचून कसंसं होईल. होऊ दे. आम्ही पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहिलो, सांबारात चिंच किती घालायची ते शिकलो, तशा इथल्या रीतीही उचलल्या. आईच्या धाकट्या भावाशी मुलीचं लग्न लावायचं, ही त्यातलीच एक. मराठी बोलणारी घरं मोजकी. बाहेरचा मुलगा शोधायचा म्हणजे पत्रिका, मध्यस्थ, देणंघेणं, आणि शेवटी तो निघायचा हट्टी किंवा टकला. घरातलाच मुलगा असला की सगळ्यांना हायसं वाटतं. मुलगी कुठे जातच नाही. या खोलीतून त्या खोलीत, इतकंच.

मी बावीस वर्षांची होते. गणितात बी.एस्सी. झाल्यावर दक्षिण मुख्य रस्त्यावर एका कापडदुकानाच्या वर कंप्यूटरचा क्लास निघाला होता, तिथे वर्षभर गेले. नव्वदीतली ती पहिली वर्षं. देश उघडला, देश उघडला, असं पेपरात रोज छापून यायचं आणि अप्पा ते मोठ्याने वाचून दाखवायचे. क्लासमध्ये चपला बाहेर काढून जावं लागे, देवळासारखं. धुळीने मशीन बिघडतं म्हणून. आत एवढी थंडी, की मी मे महिन्यात स्वेटर नेत असे आणि रस्त्याने जाताना लोक हसत. तिथून मला मद्रासच्या एका कंपनीत नोकरी लागली. बँकांसाठी प्रोग्राम लिहायचे. जुलैत हजर व्हायचं होतं. राहायला वर्किंग विमेन्स हॉस्टेल, एका खोलीत चौघी. त्या खोलीत मी मनाने केव्हाच जाऊन राहिले होते. खिडकीजवळची खाट घ्यायची, हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

घरात कोणी अडवलं नाही. अडवलं असतं तर भांडता आलं असतं. भांडायला मी घरात पहिल्या नंबरची. पण अप्पांनी पेढे वाटले, आईने माझ्यासाठी नव्या दोन चादरी घेतल्या, आणि मग माझी मोठी मावशी आली. आईची आणि मामाची ही थोरली बहीण. आईवडील गेल्यावर मामाला तिनेच वाढवलेलं. तिने चादरींवर हात फिरवला आणि म्हणाली, “जा की गे मद्रासला. कोण नको म्हणूलालं? पक्कं करून जा म्हणजे झालं. तो बदली मागून येईल तिथेच.”

म्हणजे सगळं मिळत होतं. मद्रास मिळत होतं, नोकरी मिळत होती, त्याबरोबर मामाही. माझ्या खोलीतली खिडकीजवळची खाट तेवढी गेली. ती कुणालाच दिसत नव्हती.

मी आईला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, मला हे लग्न नको. ती डोशाचं पीठ ढवळत होती. हात थांबला नाही. म्हणाली, “भिऊलालीस म्हून तसं वाटतं. मलाही वाटलं होतं.” अप्पा तिच्या नात्यातलेच, तिच्या आत्तेचा मुलगा. लहानपणी तिच्या वेण्या ओढायचे. “आता बघ, कांही कमी आहे कां?” कमी काहीच नव्हतं.

त्यात मला जास्त लागलं ते वेगळंच. ही बोलणी निघाल्या दिवसापासून मामा माझ्याशी बोलायचा थांबला. आधी तो दारातूनच ओरडायचा, “काय कंप्यूटर, वीज गेली की काय करतीस?” आता आला की चपला काढून सरळ अप्पांजवळ जाऊन बसायचा. मी कॉफी नेली तर पेल्याकडे बघायचा. घरात कसली बोलणी चालली आहेत ते दोघांनाही माहीत होतं आणि दुसऱ्याच्या मनात काय आहे ते दोघांनाही विचारायचं नव्हतं. लग्न व्हायचं ते होवो, पण माझा मामा आधीच गेला होता. त्याचं मला इतकं वाईट वाटायचं, की न्हाणीघरात नळ सोडून रडत असे.

आता झऱ्याचं सांगायला हवं. आमच्या घराण्यात घरातल्या घरात लग्न ठरलं की मुलगी बघायचा कार्यक्रम होत नाही. काय बघणार? लंगोटात असल्यापासून एकमेकांना बघितलेलं असतं. पण मग लग्न ठरलं ते केव्हापासून, मामाचा नवरा झाला तो कोणत्या क्षणी, हे कळायला काहीतरी हवं. म्हणून कधीतरी कुणीतरी ही रीत पाडली. तिरुच्चीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला रानात एक झरा आहे. शेजारी देवीचा शेंदूर लावलेला दगड. दोघांनीही सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. तिथे गेल्यावर मुलीने झऱ्याचं पाणी ओंजळीत घ्यायचं आणि मुलाने त्या ओंजळीतून प्यायचं. प्यायला की झालं. पुढचं लग्न म्हणजे जेवणावळ.

जूनच्या सुरुवातीला एका शुक्रवारी मामाने रजा काढली, अप्पांनी व्हॅन ठरवली आणि आम्ही निघालो. पुढे चालकाशेजारी अप्पा. मधल्या बाकावर एका बाजूला मावशी, एका बाजूला आई, मध्ये मी. मागच्या बाकावर मामा आणि जेवणाचे डबे. माझ्या पायाशी मावशीने पाण्याचा मोठा स्टीलचा कूजा ठेवला होता, बाकीच्यांसाठी. रस्त्यात खड्डा आला की आतलं पाणी हिंदकळायचं आणि माझ्या पायावर उडायचं. व्हॅनचं सरकतं दार आतून उघडत नव्हतं. चालक खाली उतरून बाहेरून उघडायचा. मी तिरुच्चीपर्यंत त्या दाराच्या मोडक्या कडीकडे बघत होते.

वल्लमची तांबडी माती गेली, शहर गेलं, नदीवरचा पूल गेला. नदीत वाळू होती. त्या वर्षीही पाणी सुटेल की नाही याची सगळ्या जिल्ह्याला काळजी होती, आणि अप्पा चालकाला मेट्टूरच्या धरणात किती फूट आहे ते सांगत होते. मावशीने माझ्या केसात कनकांबराचा गजरा नीट केला आणि आईला म्हणाली, “पुढच्या तई महिन्यांत करूंया. तोवर हिचं काम जमेल मद्रासला.” आई म्हणाली, तईत, म्हणजे संक्रांतीनंतर, हॉल मिळत नाहीत, आत्ताच सांगून ठेवायला हवं. माझ्या नाकासमोरून हे बोलणं इकडून तिकडे चाललं होतं. मी मान वळवून मागे पाहिलं. मामा डब्यांवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत होता. त्याचे ओठ सुकलेले होते.

रानाच्या तोंडाशी व्हॅन थांबली. चालकाने बाहेरून दार उघडलं, तेव्हा माझ्या मनात आलं, पळावं. पण पळून कुठे? हातात पर्स नाही, अंगावर नऊवारीच्या थाटात नेसवलेलं कांजीवरम, भोवती बांबूचं बेट. हे आठवलं की मला आजही राग येतो. मुलीला पळता येऊ नये अशीच वस्त्रं तिला शुभकार्याला का घालतात?

पायवाट अरुंद होती, एकामागे एक असंच जाता येत होतं. पुढे मावशी, मग मी, मग आई, मग मामा, शेवटी पूजेची पिशवी घेऊन अप्पा. ऊन वर आलं होतं. चिंचा आणि मोहाची झाडं, खाली वाळलेली पानं, पाय ठेवला की आवाज व्हायचा. माझी जीभ टाळूला चिकटली होती. चालता चालता मी मावशीच्या पाठीला म्हटलं, “मावशी, मला हे लग्न नको आहे.” मोठ्याने म्हटलं. मागच्या तिघांनाही ऐकू जाईल असं.

मावशी वळली नाही. “सांभाळून ये गे, मुळं आहेत,” म्हणाली.

मागून आईचा हात माझ्या पाठीला लागला. ढकलायला नव्हे, आधाराला. आमच्या घरात सगळे हात आधाराचेच होते. मी पुढे चालत राहिले.

झरा दिसला तेव्हा मी क्षणभर माझं सगळं विसरले, हे खरं सांगते. आमच्या मुलखात पाणी सोडलं जातं. धरणावर कुणीतरी दार उघडतं, मग कालव्याला येतं, मग पाटाला, मग आपल्या शेताच्या वळणाला, आणि त्यावर वर्षभर तंटे चालतात. इथे एका मोठ्या अर्जुनाच्या मुळांखालून, काळ्या खडकाच्या फटीतून पाणी आपलं आपण येत होतं. कुणी सोडलेलं नव्हतं. खाली गुडघाभर खोल कुंड, तळाची वाळू पाण्याच्या जोराने जागच्या जागी नाचत होती. काठावर नेचे होते, आणि इतका गारवा, की मावशीने पदर डोक्यावर ओढला. भर जूनमध्ये, सगळीकडे धूळ उडत असताना. मला वाटलं, आपण असंच इथे एकटं आलो असतो तर किती बरं झालं असतं. दिवसभर पाय सोडून बसलो असतो. अजूनही मला त्या झऱ्याचं नाव काढलं की पहिल्यांदा तो गारवा आठवतो आणि मग बाकीचं.

मावशीने दगडाला हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला, नारळ फोडला. मामाला म्हणाली, उतर. तो लुंगीसारखी नेसलेली वेष्टी वर खोचून कुंडात उतरला आणि पाण्यात उभा राहिला. मला पलीकडच्या बाजूला, खडकाच्या फटीपाशी पाण्यात उभं केलं. काठावर अप्पा, हातात घंटा. आई माझ्या मागे, काठावरच. आमच्या दोघांच्यामध्ये हातभर पाणी, आणि दोघांच्याही घशाला कोरड.

“भर,” मावशी म्हणाली.

मी ओंजळ भरली. पाणी इतकं थंड होतं, की बोटं बधिर झाली. मी ओंजळ वर उचलली आणि बोटं जरा सैल केली. पाणी गळून गेलं. मी आधीच ठरवून ठेवलं होतं हे. रात्रभर जागून मला एवढीच युक्ती सुचली होती, की ओंजळच टिकू द्यायची नाही. पाणी सांडलं म्हणजे अपशकुन, अपशकुन झाला म्हणजे बेत मोडला. गणितात बी.एस्सी. झालेल्या मुलीची ही अक्कल.

मावशीचा चेहरा उजळला. “बघ, देवीने आपला वाटा आधी घेतला. शुभ आहे. परत भर.”

मी परत भरली नाही. हात तसेच पाण्यात सोडले आणि म्हटलं, “मला नको आहे. मी त्याला पाणी देणार नाही.”

आता तरी काहीतरी होईल, असं मला वाटलं. कुणीतरी रागवेल, विचारेल, निदान दिवा विझेल. अप्पांनी घंटा या हातातून त्या हातात घेतली आणि अर्जुनाच्या शेंड्याकडे बघायला लागले. मावशी मायेने हसली. तिच्या हसण्यात खोट नव्हती, तीच तर पंचाईत. “लाजूलाली,” ती आईला म्हणाली. “सगळ्याच म्हणतात. तू तर इथे रडली होतीस, आठवतं कां?” आईपण हसली. माझ्या नाही म्हणण्याला त्या दोघींकडे आधीच जागा करून ठेवलेली होती. कुंकू लावणं, नारळ फोडणं, मुलीने नको म्हणणं, मग ओंजळ. मी रीतीतली माझी पायरी चोख पार पाडली होती.

मग आई पुढे झाली. पाण्यात उतरली, रेशमी साडीसकट. माझ्या मागे उभी राहून तिने माझे दोन्ही हात पकडले, ओंजळ केली, आणि तिच्या ओंजळीत माझी ओंजळ धरली. बोटांच्या फटी बाहेरून तिच्या बोटांनी बंद झाल्या. लहानपणी पहिल्यांदा अक्षर गिरवून घेताना तिने माझा हात असाच धरला असणार. तिने ती चार हातांची ओंजळ पाण्यात बुडवली, वर काढली. एक थेंब गळला नाही. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. मी हात ओढून बघितले. ते निघाले नाहीत.

आणि खरं सांगू? मग मी ओढायचंही थांबले. मला थकवा आला. तहान लागली होती, पोट रिकामं होतं, सगळे प्रेमाने बघत होते. माझ्या मनात आलं, होऊन जाऊ दे, मग आपल्यालाही पाणी प्यायला मिळेल. एवढ्यावर येऊन ठेपलं होतं माझं मद्रास.

ओंजळ मामाच्या छातीपर्यंत गेली. तो वाकला. वाकताना त्याने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं, कित्येक आठवड्यांनी. तो तसाच अर्धवट वाकलेला राहिला आणि मग सरळ झाला.

“मला तहान नाही,” तो म्हणाला.

अप्पांच्या हातातली घंटा वाजली, चुकून.

“काय म्हणूलालास?” मावशी.

“तहान नाहीं अक्का,” तो म्हणाला आणि कुंडातून बाहेर आला. वेष्टीचा खोचा सोडला, ओले पाय चपलेत घातले, पूजेची पिशवी अप्पांच्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर घेतली आणि पायवाटेला लागला. सकाळपासून पाण्याचा थेंब न घेतलेला माणूस, गळ्याची घाटी वरखाली होत होती, ओठाला चीर पडलेली, आणि तहान नाही!

मी वाट बघत होते, की आता मावशी हसेल. म्हणेल, सगळेच म्हणतात. म्हणेल, लाजला. नाही म्हणाली. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. तिने खाली वाकून दिवा फुंकला, नारळाची भकलं गोळा केली. आईने माझे हात सोडले आणि ओंजळ आपोआप फुटली. अप्पा म्हणाले, “चला मग, ऊन वाढेल.” बस, झालं. एवढंच लागत होतं. तीन शब्द, तेही खोटे, पण ते त्याच्या तोंडचे होते.

मी गुडघे टेकले आणि झऱ्याला तोंड लावून प्यायले. पोट दुखेपर्यंत प्यायले. सुटल्याचा आनंद झाला का? झाला, फार झाला. आणि त्याच घोटाबरोबर राग आला, त्याचासुद्धा. त्याने माझ्यासाठी नाही म्हटलं की स्वतःसाठी, हे मी त्याला पुढे कधी विचारलं नाही. त्याने मला सोडवलं, हे मान्य. पण त्याला किती सोपं गेलं ते!

परत जाताना जागा तशाच. मागे मामा, मध्ये आम्ही तिघी, चालकाने बाहेरून लावलेलं दार. चिंचभाताचे डबे तसेच भरलेले परत चालले होते. नदीपलीकडे एका टपरीपाशी अप्पांनी गाडी थांबवली. मामाने दोन गोटीसोडे एका दमात संपवले आणि तिसरा मागितला. मावशीने ते पाहिलं. मला वाटलं, आता तरी त्याला काही म्हणेल. ती पदराने वारा घेत राहिली.

तंजावर जवळ आलं, तेव्हा मावशी डोळे मिटून बसली होती. आई माझ्याकडे सरकली. तिच्या साडीचा काठ अजून ओला होता. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ती अगदी माझ्या कानाशी लागून बोलली. “खरं सांग. तू त्याला काय म्हणालीस?”

त्याला मी काहीच म्हणाले नव्हते. म्हणाले होते ते तिला.